सिकलसेल आणि रक्ताचा वाहतेपणा

नंदुरबारचा संदर्भ

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. सातपुड्याच्या रांगांत अक्कलकुवा आणि अक्राणी, तापीच्या बाजूला शहादा, तळोदा व नंदुरबार आणि गुजरातच्या सीमेलगत नवापूर असे त्याचे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ४८ हजार होती आणि तिच्यातील जवळजवळ ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. भिल्ल, पावरा, गावित ऊर्फ मावची, कोकणा, तडवी आणि धानका या येथील प्रमुख जमाती. डॉ. एस. एल. काटे आणि डी. पी. लिंगोजवार यांनी २००२ मध्ये सिकलसेलचा राज्यव्यापी आढावा प्रसिद्ध केला. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा जमातींत सिकल हिमोग्लोबिन असणाऱ्यांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत असल्याची नोंद त्यात आहे. ज्या जिल्ह्यांत ग्रस्त रुग्णांची संख्या पाच हजारांहून अधिक असावी असा अंदाज त्यांनी मांडला, त्यांत गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा व यवतमाळ यांच्याबरोबर नंदुरबारही आहे.

गावपातळीवर हा आजार ‘अंगात रक्त नाही’ अशा शब्दांत ओळखला जातो. रुग्णाचे हिमोग्लोबिन खरोखरच कमी असते, त्यामुळे ही ओळख चुकीची नाही. पण ती अपुरी आहे. रात्रभर तळमळायला लावणारी हाडांची वेदना, छातीत भरणारी धाप, तरुणपणीच झिजणारा खुबा आणि लहान मुलाला होणारा पक्षाघात यांचे मूळ रक्त कमी असण्यापेक्षा रक्त नीट न वाहण्यात अधिक आहे. सिकलसेल समजून घ्यायचा तर आधी रक्ताचा वाहतेपणा समजून घ्यावा लागतो.

श्यानता आणि प्रवाह

वाहताना द्रवाचे थर एकमेकांवरून सरकतात. त्या सरकण्याला द्रवातून जो अंतर्गत विरोध होतो त्याला श्यानता म्हणतात. व्यवहारात त्यालाच दाटपणा म्हटले जाते. शरीराच्या तापमानाला पाण्याची श्यानता सुमारे ०.७ मिलिपास्कल-सेकंद, रक्तद्रवाची सुमारे १.२ आणि वेगाने वाहणाऱ्या पूर्ण रक्ताची ३ ते ४ च्या आसपास असते. पॅरिसचे वैद्य ज्याँ प्वाझय यांनी १८४० च्या दशकात बारीक नळ्यांतील प्रवाहाचा नियम प्रयोगांनी मांडला. श्यानता दुप्पट झाली तर प्रवाहाला होणारा रोध दुप्पट होतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तो सोळा पट वाढतो. शरीर एरवी रक्तवाहिन्या रुंद-अरुंद करून प्रवाह सांभाळते ते याच नियमाच्या बळावर. श्यानता थोडी वाढली तर वाहिन्या किंचित रुंदावतात आणि काम भागते. वाहिन्या रुंदावण्याची ही क्षमताच बिघडली, तर तोच दाटपणा जाचक ठरतो.

रक्त मात्र पाण्यासारखा साधा द्रव नाही. त्याची श्यानता वेगानुसार बदलते. प्रवाह मंदावला की लाल पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकमेकींना चिकटतात आणि रक्त दाट होते. वेग वाढला की चळती मोडतात, पेशी प्रवाहाच्या दिशेने ताणल्या जातात आणि रक्त पातळ होते. स्वीडनमधील रॉबिन फोरेउस आणि टॉर्स्टेन लिंडक्विस्ट यांनी १९३१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. सुमारे ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक नळीत रक्ताची भासमान श्यानता आणखी घटते, कारण लवचिक पेशी नळीच्या मध्याकडे सरकतात आणि भिंतीलगत नुसत्या रक्तद्रवाचा निसरडा थर उरतो. पेशी ताठर असतील तर या सोयीचा फायदा पुरेसा मिळत नाही.

एकूण चार गोष्टी रक्ताचा वाहतेपणा ठरवतात: रक्तातील लाल पेशींचा हिस्सा, रक्तद्रवातील प्रथिने, पेशींची एकमेकींना चिकटण्याची प्रवृत्ती आणि प्रत्येक पेशीची लवचिकता. लाल पेशींच्या हिश्श्याला हिमॅटोक्रिट म्हणतात. प्रयोगशाळेच्या अहवालात तो बहुधा ‘पीसीव्ही’ या नावाने छापलेला असतो. रक्ताचे निरनिराळे विकार यांपैकी निरनिराळ्या घटकांना धक्का देतात. सिकलसेलचा घाव मुख्यतः शेवटच्या घटकावर पडतो.

लाल पेशी कशी वाकते

निरोगी लाल पेशीचा व्यास साधारण ८ मायक्रोमीटर असतो, तर अनेक केशिका त्याहून अरुंद, ५ मायक्रोमीटरच्या आसपास असतात. प्लीहेतील फटी तर एखाद्या मायक्रोमीटरच्याच. तरीही पेशी त्यांतून पार होते, कारण तिच्यात केंद्रक नसते आणि तिचे आवरण आतल्या द्रव्याच्या मानाने ऐसपैस असते. अर्धवट भरलेली रबरी पिशवी जशी हवी तशी दाबता येते आणि तुडुंब भरलेली येत नाही, तसाच हा प्रकार आहे. पेशीचे पृष्ठफळ सुमारे १४० चौरस मायक्रोमीटर असते. तेवढ्याच आकारमानाच्या गोलाला शंभरही पुरले असते. या जादा आवरणाखेरीज दोन अटी आणखी असतात: आवरणाखालील प्रथिनांची जाळी शाबूत हवी आणि आतले हिमोग्लोबिनचे द्रावण प्रवाही हवे. पेशीतील हिमोग्लोबिनची संहती थोडी वाढली तरी आतल्या द्रावणाची श्यानता झपाट्याने चढते. पुढे ज्या निर्जलीकरणाचा उल्लेख येतो, त्याचे महत्त्व यात आहे.

हिमोग्लोबिन ‘एस’

शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे सिद्ध केले आणि काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष नेमका शोधला. बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते; फरक एवढाच. भारतात हे हिमोग्लोबिन प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये आढळले.

व्हॅलिन पाण्यापासून दूर राहू पाहते. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूवर या व्हॅलिनला बसता येईल अशी खाच उघडी पडते. रेणूला रेणू जोडला जातो, साखळ्या बनतात आणि अशा चौदा साखळ्यांचा पीळ पडून एक ताठ तंतू तयार होतो. असे असंख्य तंतू पेशीला आतून ताणतात. फुप्फुसात प्राणवायू मिळाल्यावर तंतू विरघळतात आणि पेशी पुन्हा गोल होते. हे चक्र वारंवार घडले की आवरण जखमी होते, पोटॅशियम आणि त्यामागोमाग पाणी बाहेर झिरपते, पेशी आटते. काही पेशी अखेरीस प्राणवायू मिळूनही विळ्यासारख्याच राहतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलग्रस्ताची १० ते २० दिवसच.

वेळेचे गणित

प्राणवायू सुटताच तंतू तयार होत नाहीत. मध्ये थोडा काळ जातो. या विलंबकालात पेशी केशिका ओलांडून मोठ्या शिरेत पोहोचली तर अनर्थ टळतो. केशिका पार करायला पेशीला साधारण एखादा सेकंद लागतो, त्यामुळे बहुतेक पेशी वेळेत निसटतात. म्हणून हा आजार असलेला माणूस बराच काळ ठणठणीत दिसू शकतो आणि मग अचानक वेदनेचा झटका येतो. दोन गोष्टी हे गणित बिघडवतात. पेशीतील हिमोग्लोबिनची संहती थोडी जरी वाढली तरी विलंबकाल अनेक पटींनी घटतो. आणि प्रवाह मंदावला की केशिकेतील मुक्काम लांबतो. सिकलसेलमधील जवळजवळ प्रत्येक चिथावणी, मग ती तापाची असो, तहानेची असो वा थंडीची, या दोहोंपैकी एका वाटेने काम करते.

अडथळा कोठे बसतो

ताठ पेशी केशिकेत बुचासारखी अडकते, असे चित्र पूर्वी काढले जाई. प्रत्यक्षात सुरुवात बहुधा केशिकेच्या पुढे, लहान शिरांमध्ये होते. तिथे नुकत्याच अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या लाल पेशी आणि चिडलेल्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या अस्तराला चिकटतात. वाट अरुंद होते, प्रवाह रेंगाळतो, आणि मागून येणाऱ्या आटलेल्या, ताठ पेशी तिथे साचतात. फुटलेल्या पेशींतून सांडलेले हिमोग्लोबिन वाहिनी सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे वाहिनी आकसते. श्यानता वाढलेली असताना वाहिनीने रुंद व्हायचे, हा शरीराचा नेहमीचा उपाय नेमका इथेच लंगडा पडतो. मागे प्राणवायू आणखी घटतो आणि आणखी पेशी विळ्यासारख्या होतात.

हाडांतील मज्जा, प्लीहा आणि मूत्रपिंडाचा गाभा या ठिकाणी प्रवाह मुळातच संथ आणि प्राणवायू कमी, म्हणून घाव प्रथम तिथे पडतात. तान्ह्या मुलाचे हातपाय सुजतात. मोठ्यांच्या पाठीत, मांडीत, बरगड्यांत कळा येतात. प्लीहेत रक्त अचानक साचून राहिले तर काही तासांत मूल दगावू शकते. आणि प्लीहा निकामी होत गेली की जंतुसंसर्ग बळावतात.

पातळ रक्त, तरीही अडथळा

येथे या आजारातील सर्वांत लक्षणीय विसंगती समोर येते. सिकलसेलग्रस्ताच्या रक्ताचा हिमॅटोक्रिट अनेकदा २० ते ३० टक्केच असतो. निरोगी माणसाचा ४० च्या आगेमागे. पेशी कमी म्हणून पूर्ण रक्ताची श्यानता निरोगी रक्ताइतकी किंवा त्याहूनही कमी भरते. पण तेवढ्याच हिमॅटोक्रिटला आणून दोन्ही रक्ते तोलली, तर सिकलसेलचे रक्त नेहमीच दाट निघते. रक्तक्षय हा या रुग्णाचा त्रास आहे आणि काही अंशी त्याचे संरक्षणही. पेशी वाकत नसताना त्या संख्येने कमी असणे हीच प्रवाह चालू ठेवण्याची सवलत ठरते.

या सवलतीची किंमतही मोजावी लागते. प्राणवायूची तूट भरून काढण्यासाठी हृदय जास्त रक्त ढकलते, मेंदूच्या धमन्यांत रक्ताचा वेग वाढतो. मुलांमध्ये डोक्यावर ठेवलेल्या डॉप्लर यंत्राने हा वेग मोजता येतो. तो सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असेल तर पक्षाघाताचा धोका मोठा असतो, आणि अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास तो धोका खूपच कमी होतो, हे अमेरिकेतील १९९८ च्या एका चाचणीने दाखवले.

रुग्णांचे साधारण दोन कल दिसतात. ज्यांच्या पेशी भराभर फुटतात, हिमोग्लोबिन फार कमी असते, त्यांच्यात पायावरील न भरणाऱ्या जखमा आणि फुप्फुसाच्या धमन्यांतील वाढलेला दाब अधिक. ज्यांचे हिमोग्लोबिन तुलनेने चांगले, त्यांच्यात वेदनेचे झटके आणि खुब्याच्या हाडाचे डोके मरणे अधिक. म्हणजे हिमोग्लोबिन ‘बरे’ आले म्हणून आजार सौम्य आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

इतर रक्तविकारांतील बदल

सिकलसेलच्या उलट टोकाला लाल पेशी अति वाढण्याचा पॉलिसायथेमिया हा विकार आहे. त्यात पेशी लवचिक असतात, पण हिमॅटोक्रिट ५५-६० पर्यंत चढतो आणि रक्त इतके दाटते की डोके जड होणे, दृष्टी अंधुक होणे, गुठळ्या होणे असे त्रास सुरू होतात. त्यावर रक्त काढून टाकणे हा जुना उपाय आजही उपयोगी ठरतो. हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांखाली ठेवल्यास हृदय व रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती कमी होतात, हे २०१३ मध्ये इटलीतील चाचणीने स्पष्ट केले. वाल्डेनस्ट्रॉमच्या विकारात पेशींऐवजी रक्तद्रव दाटतो, कारण आकाराने प्रचंड अशी प्रतिद्रव्ये त्यात साठतात. तिथे रक्तद्रव बदलावा लागतो. रक्ताच्या काही कर्करोगांत पांढऱ्या पेशी लाखाच्या पुढे जातात आणि लहान वाहिन्यांत साचतात. आनुवंशिक गोलपेशी विकारात पेशीचे जादा आवरणच हरवते, म्हणून ती प्लीहेच्या फटीतून जाऊ शकत नाही आणि तिथेच नष्ट होते. थॅलेसेमियात हिमोग्लोबिनच्या जादा उरलेल्या साखळ्या आवरणावर बसून ते ताठर करतात.

सिकलसेलच्या पट्ट्यात बीटा थॅलेसेमियाही असतो. एका पालकाकडून एक आणि दुसऱ्याकडून दुसरा दोष मिळाला तर सिकल-थॅलेसेमिया होतो. त्याची लक्षणे सिकलसेलसारखीच असू शकतात.

पश्चिम भारतातील रुग्णांचे वेगळेपण

भारतातील सिकल जनुक आफ्रिकेतील प्रकारांहून वेगळ्या घराण्याचे आहे. त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. या प्रकारासोबत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एफ, मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहते. १५ ते २० टक्के किंवा त्याहून अधिक. हे हिमोग्लोबिन तंतूत सामील होत नाही, त्यामुळे विलंबकाल लांबतो. शिवाय पश्चिम भारतातील आदिवासींमध्ये अल्फा थॅलेसेमियाचे वाहक पुष्कळ आहेत. त्याने प्रत्येक पेशीतील हिमोग्लोबिनची संहती थोडी घटते आणि पेशी कमी फुटतात. या दोन्ही कारणांनी येथील आजार आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा सौम्य असतो, असे दीर्घकाळ सांगितले गेले.

सौम्य हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. पेशी कमी फुटल्या की हिमॅटोक्रिट वाढतो, आणि वर पाहिल्याप्रमाणे वाढलेला हिमॅटोक्रिट वेदनेकडे व खुब्याच्या झिजेकडे नेतो. अल्फा थॅलेसेमिया सोबत असलेल्यांत खुब्याचे हाड मरण्याचे प्रमाण अधिक असल्याचे आढळले आहे. प्लीहाही येथील अनेक रुग्णांत लहानपणी सुकून न जाता मोठेपणी हाताला लागेल इतकी वाढलेली राहते, म्हणून तिच्यात रक्त साचण्याचा धोका वयाबरोबर संपत नाही. पंचविशीतला मजूर लंगडत दवाखान्यात येतो, त्याचे हिमोग्लोबिन दहाच्या घरात असते आणि दुखणे ‘वाताचे’ म्हणून वर्षानुवर्षे गोळ्यांवर ढकलले जाते, असे घडू शकते. हिमोग्लोबिनच्या आकड्यावर विसंबल्याने होणारी ही हानी टाळता येण्याजोगी आहे.

वाहक

एकच सिकल जनुक असणाऱ्याला वाहक म्हणतात. त्याच्या पेशीत सिकल हिमोग्लोबिन निम्म्याहून कमी असते, विलंबकाल पुरेसा लांब असतो आणि रक्ताचा प्रवाह एरवी अडत नाही. वाहक हा रुग्ण नव्हे. मूत्रपिंडाचा गाभा तेवढा अपवाद: तिथे प्राणवायू कमी आणि क्षारांची संहती जास्त असल्याने वाहकाच्याही पेशी बिघडतात, आणि कधी लघवीतून रक्त जाते. अतिश्रम आणि तीव्र निर्जलीकरण एकत्र आले तर क्वचित गंभीर प्रसंग ओढवतो. घातक हिवतापापासून वाहकाला बरेच संरक्षण मिळते, असे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले. हिवतापाचा जुना मुक्काम असलेल्या जंगलपट्ट्यांत हे जनुक टिकून राहण्याचे कारण हेच मानले जाते. सातपुडा त्यांपैकीच एक. दोन सिकल जनुके असलेल्या ग्रस्त रुग्णाला मात्र हिवतापापासून अभय नाही. हिवताप त्याचा रक्तक्षय आणि प्रवाह दोन्ही बिघडवतो.

ऊन, थंडी आणि ऊसतोड

तापीकाठच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. घामाने पाणी जाणे सर्वांचेच होते, पण सिकलसेलग्रस्ताची अडचण दुहेरी असते. मूत्रपिंडाचा गाभा जखमी असल्याने लघवी घट्ट करण्याची शक्ती लहानपणीच गेलेली असते. पाणी कमी प्यायले तरी लघवी पातळ आणि भरपूर होत राहते. मोठी मुले अंथरूण ओले करतात ते यामुळेच. बाहेर पाण्याची टंचाई आणि आत पाणी धरून ठेवण्याची असमर्थता, अशा स्थितीत पेशी लवकर आटतात आणि विलंबकाल घटतो.

थंडीचा परिणाम वेगळ्या मार्गाने होतो. गार तापमानात सिकल हिमोग्लोबिनचे तंतू उलट कमी बनतात. पण थंडीने त्वचेतील आणि हातापायांतील वाहिन्या आकसतात, प्रवाह रेंगाळतो, आणि मुक्कामाचा काळ वाढल्याने अडथळा होतो. सातपुड्यातील तोरणमाळच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर, हिवाळ्यातील पहाटा कडाक्याच्या थंडीच्या असतात. तेवढ्या उंचीने हवेतील प्राणवायू धोकादायक इतका घटत नाही. त्रास होतो तो गारठ्याचा.

दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दक्षिण गुजरातच्या पट्ट्यात ऊसतोडीला जातात. उघड्यावरचा मुक्काम, पहाटेचा गारठा, दिवसभराचे श्रम, अपुरे पाणी आणि दवाखान्याशी तुटलेला संबंध, हे सगळे एकाच वेळी येते. प्रवाहशास्त्राच्या दृष्टीने याहून प्रतिकूल जुळणी शोधूनही सापडणार नाही. औषधाचा खंडही याच महिन्यांत पडतो. गोळ्या महिन्याच्या हिशेबाने उपकेंद्रात मिळत असतील तर हंगामभराचा साठा सोबत देण्याची सोय आवश्यक आहे; ती प्रशासकीय बाब वाटली, तरी तिचा परिणाम थेट केशिकेत होतो.

तपासणी

शिबिरांत आणि आश्रमशाळांत प्रथम विद्राव्यता चाचणी करतात. बोटाला सुई टोचून घेतलेले थेंबभर रक्त एका नळीतील रसायनात मिसळायचे आणि काही मिनिटांनी नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर सिकल हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर ते आहे. पेशीत जे घडते तेच नळीत घडते: प्राणवायू काढून घेतल्यावर हिमोग्लोबिन ‘एस’ विरघळलेले राहत नाही. ही चाचणी वाहक आणि ग्रस्त यांत फरक करू शकत नाही, सहा महिन्यांखालील बाळांत आणि अतितीव्र रक्तक्षयात फसवू शकते. म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पद्धतीने निदान पक्के करतात आणि निष्कर्षानुसार वेगवेगळ्या रंगांचे कार्ड दिले जाते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवण्याचे लक्ष्य ठेवले आहे.

प्रवाहाचे गुणधर्म थेट मोजणारी उपकरणेही आहेत. श्यानतामापकात रक्ताला ठरावीक वेगाने फिरवून विरोध मोजतात. एक्टासायटोमीटरमध्ये लेसरच्या झोतात पेशी किती लांबट होतात ते पाहतात, आणि प्राणवायू हळूहळू घटवत नेल्यास रुग्णाच्या पेशी नेमक्या कोणत्या पातळीला ताठतात हेही कळते. ही यंत्रे संशोधन संस्थांपुरतीच मर्यादित आहेत. ग्रामीण प्रयोगशाळेत मिळणारा एक अप्रत्यक्ष संकेत ईएसआरचा, म्हणजे लाल पेशी खाली बसण्याच्या वेगाचा: या चाचणीच्या नळीत निरोगी पेशींच्या चळती होऊन त्या खाली बसतात, विळ्यासारख्या पेशींच्या चळती होत नाहीत, म्हणून संसर्ग असूनही सिकलसेलमध्ये ईएसआर भलताच कमी येऊ शकतो. तो कमी आला म्हणजे शरीरात काही नाही असे मानणे घातक ठरते.

उपचार आणि प्रवाह

हायड्रॉक्सीयुरिया हे या आजारातील सर्वांत उपयुक्त आणि परवडणारे औषध. १९९५ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीने त्याने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर येतात हे दाखवले. ओडिशातील बुर्ला येथील अनुभवावरून भारतीय रुग्णांत कमी मात्राही गुणकारी ठरते असे दिसते. हे औषध हिमोग्लोबिन एफ वाढवते, पेशी पाण्याने फुगीर ठेवते, पांढऱ्या पेशी घटवते आणि पेशींचा चिकटपणा कमी करते. त्याने हिमोग्लोबिनही वाढते, म्हणजे रक्त दाट व्हायला हवे. पण पेशींची लवचिकता सुधारलेली असल्याने प्रवाह अडत नाही. मात्र गर्भधारणेचा विचार असल्यास आणि रक्तातील पेशी फार घटल्यास ते थांबवावे लागते, म्हणून ठरावीक काळाने तपासण्या आवश्यक असतात.

रक्त देण्याच्या बाबतीत विवेकाची सर्वाधिक गरज आहे. प्लीहेत रक्त साचणे, पक्षाघात, छातीचा तीव्र विकार, हिमोग्लोबिन अचानक कोसळणे अशा वेळी रक्त जीव वाचवते. परंतु नुसत्या वेदनेसाठी, किंवा सात-आठ हिमोग्लोबिनवर वर्षानुवर्षे स्थिर असलेल्या रुग्णाचा आकडा सुधारावा म्हणून बाटली चढवणे योग्य नाही. रुग्णाच्या स्वतःच्या ताठ पेशी तशाच असताना वरून पेशी भरल्या आणि हिमोग्लोबिन १० च्या बरेच पुढे गेले, तर श्यानता झपाट्याने वाढून पक्षाघातच ओढवू शकतो. म्हणून आधीच हिमोग्लोबिन चांगले असलेल्या गंभीर रुग्णात रक्त बदलण्याची पद्धत वापरतात: एकीकडे रुग्णाचे रक्त काढायचे आणि दुसरीकडे निरोगी रक्त द्यायचे. त्याने सिकल पेशींचा हिस्सा घटतो, पण दाटपणा वाढत नाही. लोहाच्या गोळ्यांचेही तसेच. कुपोषणामुळे येथील रुग्णांत लोहाची कमतरता असू शकते, पण ती तपासून ठरवावी लागते. वारंवार रक्त घेतलेल्याच्या शरीरात उलट लोह साचते. फॉलिक आम्ल मात्र सर्वांनाच दिले जाते, कारण मज्जा सतत नव्या पेशी घडवत असते.

जनुकीय उपचारांना डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. एका पद्धतीत रुग्णाच्या मूळपेशींतील हिमोग्लोबिन एफ बंद ठेवणारी कळ निकामी करतात. सातपुड्यातील अनेक रुग्णांना निसर्गाने जे थोडेफार दिले आहे, तेच इथे प्रयोगशाळेत साधले जाते. खर्च पाहता हा उपाय सध्या तरी जिल्ह्यातील रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहे.

जन्मानंतरचे पहिले सहा महिने

दोघेही पालक वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल ग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. जन्माच्या वेळी ग्रस्त बाळाचेही रक्त सुरळीत वाहते, कारण त्यात बहुतांश हिमोग्लोबिन एफ असते. ते ओसरू लागते तसे चौथ्या ते सहाव्या महिन्यापासून पेशी ताठरू लागतात. निदान याआधी झाले तर न्यूमोकॉकसची लस, रोजचे पेनिसिलिन आणि आईला प्लीहा हाताने चाचपायला शिकवणे, ही तिन्ही कामे वेळेत होतात. टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब गाळणकागदावर वाळवून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो आणि एचपीएलसीने तपासता येतो, त्यामुळे सातपुड्यातील धडगाव किंवा मोलगीसारख्या दुर्गम भागात झालेल्या बाळंतपणातही ही तपासणी शक्य आहे.